आधी रेघ शोधा: महिला हॉकीच्या पात्रता स्पर्धा पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

१९ जानेवारी २०२४ ला रांचीत महिला हॉकीच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेचा अंतिम सामना झाला. जर्मनीनं अमेरिकेला २-० हरवलं. हरलेल्या अमेरिकेचं त्यात काहीच गेलं नाही, दोन्ही संघांचं पॅरिसचं तिकीट आदल्या दिवशीच पक्कं झालं होतं. खरी लढाई त्याआधी त्याच मैदानावर झाली होती, तिसऱ्या क्रमांकासाठी. जपान १, भारत ०. काना उरातानं सहाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर केलेला तो एक गोल, आणि भारताचं ऑलिंपिक हुकलं.

क्रिकेट पाहून तयार झालेली आपली नजर इथे फसते. अंतिम सामना मोठा आणि तिसऱ्या क्रमांकाचा म्हणजे मन राखण्यापुरता, असं आपण धरूनच चालतो. पात्रता स्पर्धेत बऱ्याचदा याच्या नेमकं उलट असतं. म्हणून अशी स्पर्धा पाहायला बसण्याआधी काय तपासायचं आणि कशावर नजर ठेवायची, ते इथे क्रमानं सांगतो.

पायरी १: जागा किती, आणि रेघ कुठे

पहिलं काम म्हणजे या स्पर्धेतून किती संघ पुढे जाणार आहेत ते बघणं. तेवढ्या क्रमांकाखाली मनात एक रेघ ओढा. पुढचं सगळं त्या रेघेच्या आसपास घडतं.

ही रेघ दरवेळी नव्या जागी असते. फेब्रुवारी २०१२ मध्ये दिल्लीत लंडन ऑलिंपिकसाठी पात्रता स्पर्धा झाली. संघ सहा, जागा एकच. तिथे अंतिम सामना हेच सर्वस्व होतं, आणि भारतीय महिला दक्षिण आफ्रिकेकडून १-३ हरल्या. टोकियोच्या वेळी स्पर्धा अशी नव्हतीच. दोन संघांच्या जोड्या लावून लागोपाठ दोन सामने खेळवले आणि दोन्हींचे गोल एकत्र मोजले. नोव्हेंबर २०१९ मध्ये भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर भारतानं अमेरिकेला पहिल्या सामन्यात ५-१ धुतलं. सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी मध्यंतरालाच अमेरिका ४-० पुढे, म्हणजे एकूण ५-५. शेवटी ४८ व्या मिनिटाला राणी रामपालनं गोल केला आणि ६-५ नं तिकीट मिळालं. तो दुसरा सामना भारत १-४ हरला होता, आणि तरी मैदानावर जल्लोष भारताचाच होता.

रांचीच्या वेळी आठ संघ होते आणि जागा तीन. रेघ तिसऱ्याखाली. त्याच सुमारास स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात अशीच दुसरी स्पर्धा चालू होती. तिथून बेल्जियम, स्पेन आणि ग्रेट ब्रिटन गेले.

२०२६ च्या विश्वचषकासाठी रेघ आणखी गमतीची आखली गेली. चिलीतलं सान्तियागो आणि आपलं हैदराबाद अशा दोन ठिकाणी आठ-आठ संघ, आणि दोन्हीकडून मिळून सात जागा. प्रत्येक ठिकाणचे पहिले तीन थेट आत, आणि सातवी जागा उरलेल्यांतल्या जागतिक क्रमवारीत सगळ्यात वर असलेल्या संघाला. म्हणजे तिसऱ्याखाली पक्की रेघ आणि तिच्याखाली एक पुसट. पुसट रेघ असली की दुसऱ्या खंडातल्या निकालांवरही डोळा ठेवावा लागतो.

पायरी २: हा संघ इथे आलाच का

पात्रता स्पर्धेत येणं हा काही मान नव्हे. त्याआधीचे दरवाजे बंद झालेत, एवढाच त्याचा अर्थ. ते दरवाजे माहीत असले की संघावरचं दडपण समजतं.

पॅरिसला महिलांचे बारा संघ होते. यजमान म्हणून फ्रान्स. मग पाच खंडांचे पाच विजेते: युरोपातून नेदरलँड्स, आशियातून चीन, ओशनियातून ऑस्ट्रेलिया, अमेरिका खंडातून अर्जेंटिना, आफ्रिकेतून दक्षिण आफ्रिका. उरलेल्या सहा जागा दोन पात्रता स्पर्धांमधून. आशियाची जागा हांगझोऊच्या आशियाई खेळांतल्या सुवर्णपदक विजेत्याला होती. उपांत्य फेरीत चीननं भारताला ४-० हरवलं आणि तो दरवाजा बंद झाला. पुढे जपानला नमवून भारतानं कांस्य मिळवलं खरं, पण ऑलिंपिकच्या हिशेबात त्या कांस्याची किंमत शून्य.

विश्वचषकाचे दरवाजे थोडे वेगळे. २०२६ साठी सोळा जागा अशा वाटल्या गेल्या: यजमान नेदरलँड्स आणि बेल्जियम या दोन, प्रो लीग या अव्वल संघांच्या दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय लीगच्या दोन हंगामांतून प्रत्येकी एक, पाच खंडांचे विजेते आणि पात्रता स्पर्धांमधून सात. भारत २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये तळाला राहिला आणि लीगमधून खाली घसरला. एक दरवाजा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात नवनीत कौरनं पहिल्याच मिनिटाला गोल केला, तरी चीननं सामना ४-१ नं नेला. दुसराही गेला. मग हैदराबाद.

नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीपाशी. नाव भारदस्त, सामने दणदणीत, पण तिथे जिंकून कुठलंही तिकीट मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतानं ती ट्रॉफी जिंकली, अंतिम सामन्यात जपानला ४-० हरवून, रांचीतच. अडीच महिन्यांनी त्याच मैदानावर त्याच जपाननं ०-१ असा काटा काढला. पुढच्या वर्षी राजगीरला भारतानं पुन्हा ही ट्रॉफी घेतली, अंतिम सामन्यात चीनला १-० हरवून. विश्वचषकाच्या जागेसाठी तीही उपयोगाची नव्हती. त्यामुळे ‘आपण परवाच तर यांना हरवलं’ असं कुणी म्हणालं, की शांतपणे विचारायचं: कुठल्या स्पर्धेत?

पायरी ३: गटाचा हिशेब हाताशी ठेवा

आठ संघांची स्पर्धा असली की चार-चारांचे दोन गट पडतात. प्रत्येक संघ गटात तीन सामने खेळतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत जातात आणि उरलेले पाचव्या ते आठव्या क्रमांकांसाठी खेळतात.

गुण सारखे झाले तर आधी जास्त सामने कुणी जिंकलेत ते बघतात. तेही सारखे असतील तर गोलफरक, मग केलेले एकूण गोल, आणि त्यानंतर आपसातल्या सामन्याचा निकाल. हा क्रम लक्षात ठेवा, कारण ‘आपण त्यांना हरवलंय, म्हणजे आपणच वर’ असा बऱ्याच जणांचा समज असतो. आपसातल्या निकालाचा नंबर इतका उशिरा लागतो, की बहुतेक वेळा फैसला त्याआधीच झालेला असतो. म्हणून दुबळ्या संघाविरुद्ध ४-० वर असतानाही पाचव्या गोलासाठी धावणारा संघ दिसला, तर ती हाव समजू नका.

रांचीचा ‘ब’ गट नमुन्यादाखल घेऊ: भारत, न्यूझीलंड, इटली, अमेरिका. जागतिक क्रमवारीत सहावा असलेला भारत पहिल्याच दिवशी पंधराव्या क्रमांकाच्या अमेरिकेकडून ०-१ हरला. अबिगेल टेमरचा गोल, तोही दुसरं क्वार्टर सुरू होताच. दुसऱ्या दिवशी भारतानं न्यूझीलंडला ३-१ हरवलं आणि नंतर इटलीला ५-१. इटलीविरुद्धचा सामना उदिताचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि त्यात तिनं दोन गोल केले, त्यातला पहिला तर पहिल्याच मिनिटाला. भारत सहा गुणांनी आरामात उपांत्य फेरीत.

वरवर पाहता अमेरिकेविरुद्धचा पराभव भरून निघाला. पण अमेरिकेनं तिन्ही सामने जिंकून गटात पहिला क्रमांक घेतला आणि भारत दुसरा राहिला. उपांत्य फेरीत एका गटातला पहिला आणि दुसऱ्या गटातला दुसरा असे भिडतात. दुसऱ्या गटात जर्मनी पहिली होती आणि जपान दुसरा. त्यामुळे अमेरिकेच्या वाट्याला जपान आला आणि भारताच्या वाट्याला जर्मनी. पहिल्या दिवशीच्या त्या एका गोलाची वसुली सहाव्या दिवशी झाली. माझ्या मते रांचीत भारताचं घोडं अडलं ते पहिल्याच दिवशी. शेवटच्या दिवसाला उगाच सगळा दोष दिला जातो.

तेव्हा गटाचे सामने चालू असताना समोरच्या गटाचा गुणतक्ताही उघडा ठेवा. पहिलं येण्याचा फायदा नेमका किती, हे तिथून कळतं.

पायरी ४: जागतिक क्रमवारीला किती भाव द्यायचा

थोडासाच. २०२० पासून ही क्रमवारी सामन्यागणिक बदलते. प्रत्येक सामन्यानंतर हरणाऱ्याचे गुण जिंकणाऱ्याकडे जातात, आणि प्रतिस्पर्धी जितका वरचा तितके जास्त गुण मिळतात. गट पाडायला आणि पुसट रेघ ठरवायला तिचा उपयोग होतो. एका आठवड्याच्या स्पर्धेत कोण जिंकेल हे तिला विचारू नये.

एक बारीक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स वेगवेगळे उतरतात, ऑलिंपिकच्या स्पर्धेत ते ग्रेट ब्रिटन म्हणून एकत्र येतात. जुने निकाल शोधताना हे माहीत नसेल तर गोंधळ उडतो.

पायरी ५: सामना चालू असताना कुठे बघायचं

पंधरा-पंधरा मिनिटांची चार क्वार्टर. मैदानावर अकरा जणी आणि बाकावर बदली खेळाडू. बदल कितीही करता येतात आणि खेळ न थांबवता करता येतात, त्यामुळे सीमारेषेवर सतत ये-जा दिसेल. हॉकीत ऑफसाइड नाही, फुटबॉलची सवय असलेल्यांनी तो विषय डोक्यातून काढून टाकावा. गोल मोजला जाण्यासाठी आक्रमक खेळाडूनं चेंडूला ‘डी’च्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धवर्तुळाच्या आत स्टिक लावलेली असायला हवी. बाहेरून मारलेला चेंडू कुणाचाही स्पर्श न होता जाळ्यात गेला तर गोल नाही.

हिरवं कार्ड मिळालं की ती खेळाडू दोन मिनिटं बाहेर, पिवळं मिळालं तर किमान पाच मिनिटं. तेवढा वेळ संघ एका खेळाडूनं कमी. शेवटच्या क्वार्टरमधलं पिवळं कार्ड म्हणजे अर्धा सामना गेल्यातच जमा.

बाकी काही कळलं नाही तरी पेनल्टी कॉर्नर मात्र नीट पाहायला शिका. पात्रता स्पर्धांमधले सामने चुरशीचे आणि कमी गोलांचे होतात, आणि त्यांचा निकाल बऱ्याचदा इथेच लागतो. पंचांनी दोन्ही हात गोलकडे केले की घड्याळ थांबतं. बचाव करणाऱ्या पाच जणी, गोलरक्षक धरून, गोलरेषेमागे जातात आणि घाईघाईनं तोंडावर मुखवटे आणि हातात मोजे चढवतात. बाकीच्या सहा जणींनी मध्यरेषेपलीकडे जायचं. आक्रमक संघातली एक जण गोलखांबापासून दहा मीटरवर गोलरेषेवर वाकून उभी राहते आणि चेंडू ‘डी’च्या टोकाकडे सोडते. तिथे दुसरी तो अडवते आणि तिसरी मारते. चेंडू ‘डी’च्या बाहेर गेल्याशिवाय गोल करता येत नाही. सरळ फटका मारायचा तर गोलरेषा ओलांडताना तो गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या आत हवा. ड्रॅगफ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत नेऊन उचलून फेकण्याला, ही अट नाही, म्हणूनच चांगली ड्रॅगफ्लिकर असलेला संघ निम्मी लढाई जिंकून येतो.

चेंडूवर डोळे लावू नका, गोलमधून सुटणाऱ्या पहिल्या बचावपटूकडे बघा. चेंडू सुटताच ती थेट ड्रॅगफ्लिकरच्या अंगावर धावत जाते आणि आपल्या शरीरानं फ्लिकचा एक कोपरा बंद करते. उरलेला कोपरा गोलरक्षकाचा. ही धाव अर्ध्या पावलानं चुकली की चेंडू जाळ्यात. जपानविरुद्ध भारताला पेनल्टी कॉर्नर मिळत गेले आणि एकही जाळ्यात गेला नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ही एक ओळ असते, पण प्रत्यक्ष बघताना प्रत्येक कॉर्नरला जपानी बचावपटू काय करत होत्या हे पाहिलं असतं तर तो सामना वेगळाच दिसला असता.

व्हिडिओ रेफरल, म्हणजे पंचांचा निर्णय व्हिडिओवर तपासून मागायची संधी, प्रत्येक संघाला एकच असतो. दावा खरा ठरला तर तो शाबूत राहतो, फसला तर गेला. पहिल्याच क्वार्टरमध्ये रेफरल उधळणाऱ्या संघाकडे जरा काळजीनं बघा.

पायरी ६: शूटआऊट

गटात सामना बरोबरीत सुटू शकतो, बाद फेरीत नाही. साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल तर जादा वेळ न देता थेट शूटआऊट. दोन्हीकडून पाच-पाच खेळाडू, तेवीस मीटरच्या रेषेवरून सुरुवात, समोर एकटी गोलरक्षक, आणि हातात आठ सेकंद. पहिली दोन-तीन सेकंदं गोलरक्षक पुढे येऊन जागा आवळते. तेव्हा खेळाडू डावीकडे वळली की उजवीकडे, यापेक्षा गोलरक्षक जमिनीवर कधी झोपते हे बघा. ती आधी झोपली की गोल व्हायची शक्यता वाढते.

जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना इथपर्यंत आला तो शेवटच्या चार मिनिटांतल्या घडामोडींमुळे. १५ व्या मिनिटाला दीपिकाचा गोल, २७ व्या मिनिटाला शार्लोट स्टापेनहोर्स्टची बरोबरी, मग बराच वेळ काहीच नाही. ५७ व्या मिनिटाला पुन्हा स्टापेनहोर्स्ट. आता संपलं म्हणून लोक उठायला लागतात तेव्हा, ५९ व्या मिनिटाला, इशिका चौधरीनं २-२ केलं. शूटआऊट जर्मनीनं ४-३ जिंकलं. भारताच्या गोलमध्ये कर्णधार सविता होती.

पायरी ७: शेवटच्या दिवशी लवकर या

तीन जागांच्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाची लढत आधी होते आणि अंतिम सामना नंतर. संध्याकाळी सावकाश टीव्ही लावणाऱ्याला दोन निवांत संघांचा खेळ बघायला मिळतो, आणि ज्यात सगळं पणाला लागलेलं असतं तो सामना हुकलेला असतो. वेळापत्रकात तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीभोवती गोल करून ठेवा.

या लढतीत आणखी एक गोष्ट दिसते. मागे पडलेला संघ शेवटच्या मिनिटांत गोलरक्षकाला बाहेर बोलावतो आणि अकरावी मैदानी खेळाडू उतरवतो. गोल मोकळा. हे दिसलं की घड्याळाकडे आणि मोकळ्या गोलकडे आळीपाळीनं बघा.

पायरी ८: माहिती कुठे मिळते

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचं ‘टीएमएस’ नावाचं संकेतस्थळ आहे. दिसायला रुक्ष, पण गट, गुणतक्ता, कुठल्या मिनिटाला कुणाचा गोल, कुणाला कार्ड, किती पेनल्टी कॉर्नर, सगळं तिथे सामना चालू असतानाच चढतं. समाजमाध्यमांवरच्या आकडेमोडीपेक्षा हे बरं. प्रक्षेपणासाठी महासंघाचं स्वतःचं ‘वॉच डॉट हॉकी’ आहे. भारतात कुठल्या वाहिनीवर दिसणार हे स्पर्धेगणिक बदलतं.

प्रत्यक्ष मैदानावर जाणार असाल तर लांब बाजूला, जरा वरच्या ओळीत बसा. गोलमागच्या जागा मोहात पाडतात, पण तिथून मधल्या फळीची मांडणी कळत नाही. सामन्याआधी मैदानावर पाण्याचे फवारे सुटतील, गोंधळून जाऊ नका. पाणी मारून खेळायच्या टर्फवर चेंडू त्यामुळेच सुसाट आणि सरळ पळतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना संघाच्या यादीत एक ओळखीचं नाव सापडेल. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके रांचीच्या अठरा जणींच्या संघात होती. त्याच तालुक्यातली अक्षता ढेकळेही भारताकडून खेळली आहे. आणि स्पर्धा दूर असली म्हणून हॉकी दूर नाही. पिंपरीच्या नेहरूनगरमधल्या मेजर ध्यानचंद मैदानावर मार्च २०२४ मध्ये वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि त्यात महाराष्ट्राचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पेनल्टी कॉर्नर टीव्हीआधी अशा मैदानावर जवळून पाहिला तर फार लवकर कळतो.

पायरी ९: यादी लगेच बंद करू नका

स्पर्धा संपली, रेघेखाली राहिलात, म्हणजे सगळं संपलंच असं दरवेळी नसतं. रिओ ऑलिंपिकचंच बघा. २०१५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या अँटवर्पला वर्ल्ड लीगची ‘उपांत्य फेरी’ झाली, नाव तसं असलं तरी ती रिओसाठीची पात्रता स्पर्धाच होती. भारतीय महिलांनी जपानला १-० हरवून पाचवा क्रमांक मिळवला, पण तेवढ्यानं जागा पक्की होत नव्हती. मग ऑगस्टमध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत नेदरलँड्स आणि इंग्लंड पोहोचले. या दोघांच्याही जागा आधीच पक्क्या होत्या, इंग्लंडची ग्रेट ब्रिटनच्या नावानं. युरोपच्या विजेत्यासाठी राखलेली जागा मोकळी झाली आणि ती खाली सरकत भारतापर्यंत आली. मॉस्को १९८० नंतर छत्तीस वर्षांनी भारतीय महिला ऑलिंपिकला गेल्या त्या अशा, परक्या खंडातल्या दोन उपांत्य सामन्यांच्या निकालावर. तेव्हा पात्रता स्पर्धेनंतरही कुठल्या खंडाची स्पर्धा बाकी आहे आणि तिथे आधीच पात्र ठरलेला संघ जिंकू शकतो का, एवढं बघून ठेवा.